हाताने तोडलेली द्राक्षं

‘साग्रा’ या इटालियन शब्दासाठी मराठीत ‘जत्रा’ लिहावं की ‘उरूस’, यात माझी एक अख्खी सकाळ गेली होती. शब्दाचं मूळ लॅटिन ‘साक्रुम’मध्ये, म्हणजे जे पवित्र आहे त्यात. गावातल्या चर्चची प्रतिष्ठापना झाली तो दिवस, त्या दिवसाचा दरवर्षीचा उत्सव, मग उत्सवातलं जेवण, आणि शेवटी नुसतं जेवण, असा त्याचा प्रवास. आज इटलीत साग्रा म्हटलं की लोकांना संत आठवत नाही, पदार्थ आठवतो. चेस्टनटची साग्रा, मश्रूमची साग्रा, द्राक्षांची साग्रा. आपल्या ‘जत्रे’चंही तेच चाललं आहे. ‘यात्रे’तून निघालेला हा शब्द, पण शहरातल्या मैदानावर ‘खाद्यजत्रा’ असा फलक लागतो तेव्हा देव कुठला, असं कोणी विचारत नाही. म्हणून मी ‘जत्रा’च ठेवला. दोन्ही शब्दांतून देव सारखाच निघून गेला होता.

हा शब्द मला भेटला तो पुस्तकात. मैदानावर भेटला २०१८च्या सप्टेंबरात, आस्ती शहरात. मी तेव्हा एका अनुवाद-कार्यशाळेसाठी तुरीनला होते आणि सुट्टीच्या दिवशी आगगाडीने आस्तीला गेले. पिएमोंते प्रांतातलं हे पाऊण लाख वस्तीचं शहर. ‘आस्ती’ हे नाव जगभर बाटल्यांवर वाचलं जातं, ते इथल्या गोडसर, फेसाळ मोस्कातो वाइनमुळे. साहित्याच्या माणसाला ते आणखी एका कारणासाठी माहीत असतं. इटालियन शोकांतिकांचा मोठा नाटककार व्हित्तोरिओ आल्फिएरी १७४९मध्ये इथे जन्मला. घरात फ्रेंच, बाहेर पिएमोंतेची बोली. इटालियन त्याला परक्या भाषेसारखी शिकावी लागली, त्यासाठी तो तोस्कानात जाऊन राहिला. हैदराबादेत वाढलेल्या, घरी मराठी, शेजारी तेलुगू आणि दखनी, शाळेत इंग्रजी ऐकलेल्या माझ्यासारखीला हा गृहस्थ जरा जवळचाच वाटतो. पण त्या दिवशी त्याच्या नावाच्या चौकातून मी न थांबता पुढे गेले, कारण वास येत होता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आस्तीत ‘फेस्तिव्हल देल्ले साग्रे’ भरतो. म्हणजे जत्रांची जत्रा. आसपासच्या गावांची मंडळं शहरातल्या काम्पो देल पालिओ नावाच्या मोठ्या मोकळ्या मैदानावर येतात, लाकडी घरं उभारतात आणि प्रत्येक गाव आपला एखाददुसरा पदार्थ रांधतं. ‘प्रो लोको’ असं या मंडळांना म्हणतात. आपल्या गणेशोत्सव मंडळांसारखीच स्वयंसेवी; फक्त वर्गणीऐवजी कढया. १९७४पासून हे चालत आलेलं आहे. त्याच दिवसांत शहरात वाइनचा ‘दौया दोर’ नावाचा मेळाही असतो. ‘दौया’ म्हणजे पिएमोंतेच्या बोलीत वाइनची सुरई. रविवारी सकाळी मिरवणूक निघते. हजारो गावकरी आपल्या आज्या-पणज्यांच्या वेशात रस्त्यावरून जातात. बैलगाड्या, जुने ट्रॅक्टर, मळणी, धुणं, लग्नाची वरात, शाळेत निघालेली लाकडी तळव्यांच्या बुटांतली मुलं. एकेक गाव जुन्या शेतकरी आयुष्यातला एकेक प्रसंग चालता-बोलता उभा करतं. दुपारी तीच माणसं त्याच वेशात कढईमागे उभी असतात.

खाण्याबद्दल लिहायचं तर बरंच लिहिता येईल. हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं ‘बेलेकाउदा’ खाताना मला आपल्या बेसनाच्या धिरड्याची आठवण येणं साहजिक होतं. तळलेल्या पिठाच्या फुगीर ‘फ्रिचुला’, त्यावर डुकराच्या चरबीचा पातळ पापुद्रा. लसूण, तेल आणि खारवलेली अँचोवी मंद आचेवर विरघळवून केलेली ‘बान्या काउदा’, तिच्यात बुडवायला भोपळी मिरची. अँचोवी हा आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. समुद्र नसलेल्या या डोंगराळ मुलखात तो लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मिठाच्या वाटेने, फेरीवाल्यांच्या हातगाड्यांवरून यायचा. आणि पोलेंता. मक्याच्या पिठाचा घाटा. आपल्याकडे ज्वारीच्या पिठाचा करतात तसाच, फक्त पिवळा आणि जास्त घट्ट. त्याच्या कढईपुढची रांग सगळ्यांत लांब होती.

त्या रांगेत मी उभी होते तेव्हा माझ्या पिशवीत बेप्पे फेनोल्योची ‘ला मालोरा’ ही छोटी कादंबरी होती. १९५४ची. आस्तीच्या दक्षिणेला लांगेच्या टेकड्या आहेत, तिथल्या एका गरीब शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट. बाप त्याला वर्षाच्या बोलीने दुसऱ्याच्या शेतावर राबायला पाठवतो. त्या घरात दुपारी आणि रात्री जवळपास रोज पोलेंताच. चव यावी म्हणून तुळईला दोऱ्याने एक अँचोवी टांगलेली, आणि प्रत्येकाने आपापला पोलेंताचा तुकडा पाळीपाळीने तिच्यावर घासायचा. घासून घासून मासा माशासारखा दिसेनासा होतो तरी घासणं थांबत नाही. या प्रसंगाचा अनुवाद मी नंतर कितीदा तरी केला आणि खोडला. मराठीत तो फार सहज उतरतो, ही त्यातली अडचण. भाकरीला नुसता चटणीचा हात लावून खाणं आपल्याला इतकं ओळखीचं आहे की वाचणाऱ्याला ठेच लागत नाही.

पोलेंताचा इतिहास याहूनही वाईट आहे. मका अमेरिकेतून आला, उत्तर इटलीच्या गरिबांचं तो मुख्य अन्न झाला, काही भागांत एकमेव अन्न झाला. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत; त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका समुद्र ओलांडून आला, ही रीत आली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा झाला. कातडी काळी पडून सोलायची, मग अतिसार, मग बुद्धिभ्रंश, मग मरण. रोगाचं नावच इटालियन आहे, खरखरीत कातडीवरून पडलेलं. मिलानच्या फ्रापोल्ली नावाच्या वैद्याने १७७१मध्ये ते लिहून ठेवलं. एकोणिसाव्या शतकात लोंबार्दी आणि व्हेनेतोतली वेड्यांची इस्पितळं अशा शेतमजुरांनी भरलेली असायची. ज्यांना हे दूरचं वाटतं त्यांच्यासाठी: १९६०च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी हैदराबादेत, आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, दख्खनमधल्या ज्या पेलाग्राच्या रोग्यांचा अभ्यास करत होते ते मका खाणारे नव्हते. ते ज्वारी खाणारे होते. रोज ज्वारी, आणि तिच्याबरोबर फारसं काही नाही.

तर असा हा घाटा. त्यासाठी लोक हसतखेळत, मुलांना खांद्यावर घेऊन, हातात बार्बेराचा पेला सांभाळत उभे होते. मीही उभी होते. माझा प्रश्न तिथेच सुरू झाला आणि अजून संपलेला नाही: उपाशी माणसांचं जेवण पोट भरलेल्यांनी सणासारखं खावं का? खाण्याने त्या उपाशी माणसांची आठवण राहते, की पुसली जाते?

याचं झटपट उत्तर देणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणतात, परंपरा आहे, आनंद घ्या, सगळीकडे दुःख शोधू नका. दुसरे म्हणतात, हे सगळं ढोंग आहे, गरिबीचं दुकान मांडलं आहे. मला दोघांचाही कंटाळा आहे, दुसऱ्यांचा थोडा अधिक, कारण त्यांचं म्हणणं बहुधा पोटभर जेवल्यावर सुचलेलं असतं.

पोलेंताची कढई घोटणारी एक बाई साठीची होती. काळा झगा, डोक्याला रुमाल, पण पायात पांढरे धावायचे बूट. गर्दी थोडी ओसरल्यावर तिने मला विचारलं, तू कुठली. सांगितल्यावर म्हणाली, तुमच्याकडे हे खातात? मी म्हटलं, असंच, दुसऱ्या धान्याचं. मग मी विचारलं, तुमच्या घरी रोज करता का. ती हसली. “माझ्या आईने घरी गॅस आल्यापासून मरेपर्यंत पोलेंताला तोंड लावलं नाही,” ती म्हणाली. “समोर ठेवला तरी नाही. मला आवडतो.”

या तीन वाक्यांवर मी बराच विचार केला आहे. आईला तो नको होता, कारण तो तिच्यावर लादलेला होता. मुलीला हवा आहे, कारण तिला तो नाकारता येतो. ताटातला पदार्थ तोच. मध्ये पर्याय आला. ज्याला पर्याय नाही त्याच्या तोंडातली चव आणि ज्याला आहे त्याच्या तोंडातली चव एक नसते, हे कोणत्याही पाककृतीत लिहिलेलं नसतं. म्हणून आईचं न खाणं आणि मुलीचं घोटणं यांत मला विरोध दिसत नाही. दोघीही त्या उपासमारीला आपापलं उत्तर देत आहेत. आई म्हणते, संपलं. मुलगी म्हणते, संपलं, आणि आता भीती नाही. १९५०-६०च्या दशकांत या टेकड्यांवरची माणसं तुरीनच्या मोटारींच्या कारखान्यांत आणि आल्बाच्या मिठाईच्या कारखान्यात गेली, त्याआधी फ्रान्स आणि अर्जेंटिनाला गेली होती. जी राहिली त्यांची मुलं हळूहळू बरी जगू लागली. २०१४मध्ये युनेस्कोने हे द्राक्षमळे जागतिक वारशात घेतले. ज्या घरातून भूक गेली त्या घराने भुकेच्या पदार्थाची जत्रा भरवावी, हा त्यांचा हक्क आहे असं मला वाटतं. आनंद हा त्यांच्या पूर्वजांचा अपमान नाही. त्या पूर्वजांना हेच तर हवं होतं.

पण हा हक्क वारसाने आलेला आहे. मला तो कुठून आला? मी तिकीट काढून आलेली पाहुणी. पैसे देऊन मी पोलेंता विकत घेतला, पण पोलेंतावर विजय मिळवण्याचा इतिहास काही माझा नव्हता. इथे माझी नजर साहजिकच घराकडे वळते. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-सोलापूरकडच्या शेतांवर हुरडा पार्ट्या होतात. गुळभेंडीचा, सुरतीचा कोवळा हुरडा, दही, शेंगाची चटणी, खाटेवर बसून फोटो, दरडोई पैसे. मीही गेले आहे आणि मजेत खाल्लं आहे. पण आस्तीत जे मला दिसलं ते तिथे दिसलं नव्हतं: रांधणारे आणि खाणारे एकाच गावचे, एकाच आठवणीचे असणं. हुरड्याच्या खाटेवर बसणारा आणि आगटीपाशी कणसं भाजून चोळणारा यांचे आजोबा एका पंगतीला बसले असतीलच, असं सांगता येत नाही. बहुधा नसतीलच.

आणि त्यापुढचा प्रश्न आणखी अवघड. कोणती गरिबी सजवून मिरवता येते? शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाचं, चान्यांचं, रक्तीचं, जनावराच्या प्रत्येक अवयवाच्या नावाचं ते पुस्तक. शीर्षकातच ओळखीच्या श्लोकातल्या शब्दाला नकार आहे. भूषण कोरगांवकर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे २०२४पासून ते मराठीबाहेरही वाचलं जातं आहे. या पदार्थांची जत्रा का भरत नाही? तूप-साखर नसलेलं, तेल परवडत नसलेलं, म्हणजे आस्तीच्या निकषाने अगदी जत्रेच्या लायकीचं ते अन्न आहे. पण पिएमोंतेच्या शेतकऱ्याची गरिबी ही नुसती गरिबी होती. ती गेल्यावर तिच्याकडे मागे वळून हसता येतं. जिच्यात अपमान मिसळलेला होता, जी गेल्यावरही जन्माच्या नावासारखी चिकटून राहते, तिच्याकडे मागे वळून हसायचं कसं? वेश घालायला आधी तो उतरवता यायला हवा. (इटलीतही हे इतकं सरळ नाही. दक्षिणेकडून तुरीनला आलेल्या मजुरांना उत्तरेच्या लोकांनी ज्या नावांनी हाक मारली ती नावं कुठल्या मिरवणुकीत नसतात.)

नूतो रेवेल्ली या लेखकाने १९७०च्या दशकात शेजारच्या कुनेओ प्रांतातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बोलतं करून, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, ‘इल मोंदो देई व्हिंती’ हे पुस्तक केलं. पराभूतांचं जग. ते १९७७मध्ये आलं. जत्रांची जत्रा त्याच्या तीन वर्षं आधी सुरू झालेली. एकाच मुलखात, एकाच काळात, एकाच हरवत चाललेल्या जगाची आठवण दोन प्रकारे ठेवली जात होती. पुस्तकात माणसं सांगतात की मुलांना बाजारात उभं करून राबायला दिलं जायचं, की भूक कशी असायची, की युद्धाने काय नेलं. मिरवणुकीत तीच माणसं गाणी म्हणत जातात. मला आधी वाटायचं की पुस्तक खरं आणि मिरवणूक खोटी. आता तसं वाटत नाही. गाणीही होतीच. मिरवणुकीचा दोष खोटेपणाचा नाही. तो मला कळला तो वाइनच्या टेबलापाशी.

‘दौया दोर’मध्ये एका टेबलामागे उभा तरुण आम्हा पाच-सहा जणांना बार्बेरा समजावून सांगत होता. छान सांगत होता. माती चुनखडीची, उतार नैर्ऋत्येकडे तोंड केलेला, म्हणजे दुपारचं ऊन मिळतं. उंची किती, वेल किती वर्षांचे, त्या वर्षी पाऊस कधी पडला, लाकडी पिंपात किती महिने. वाइनविषयी बोलण्याची ही भाषा मला नेहमीच आवडत आली आहे, कारण ती अनुवादकाच्या स्वप्नातली भाषा आहे. प्रत्येक चवीला कारण आहे आणि प्रत्येक कारणाला पत्ता आहे. शेवटी तो अभिमानाने म्हणाला, “आणि तोडणी हाताने.” ते बाटलीवरही छापलेलं होतं.

मी विचारलं, कोणाच्या?

प्रश्न खवचटपणे विचारलेला नव्हता. इटालियन ही माझी चौथी-पाचवी भाषा, तिच्यात खवचट होण्याइतकी मी सराईत नाही. तो क्षणभर थांबला आणि सरळपणे म्हणाला, घरचे असतात, मित्र असतात, बाकी बाहेरून येतात. बाहेरून म्हणजे? मासेदोनियातून बरेच, तो म्हणाला, बल्गेरियातून, आता आफ्रिकेतूनही. चांगली माणसं आहेत, कामाला चांगली.

आस्तीपासून तीसेक किलोमीटरवर, कानेल्लीच्या परिसरात, मोस्कातोच्या तोडणीला वर्षानुवर्षं मासेदोनियन मजूर येत आले आहेत, हे तिथल्या कोणालाही माहीत आहे. गुपित काहीच नाही. पण उताराची दिशा सांगणारी ती बाटली, ज्या हाताने तोडणी झाली त्याच्याबद्दल एवढंच सांगते की तो हात होता. यंत्र नव्हतं. हात हा गुणवत्तेचा पुरावा म्हणून बाटलीवर आहे. माणूस म्हणून नाही.

आणि सकाळची मिरवणूक मला तेव्हा वेगळी दिसली. तिच्यात द्राक्षतोडणीचा प्रसंग होता. टोपल्या, लाकडी पिंपं, अनवाणी पायांनी द्राक्षं तुडवणारी मुलं, आज्यांचे रुमाल. एका विशिष्ट काळापर्यंत येऊन ती मिरवणूक थांबते, शंभर वर्षांपूर्वीपासून साधारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या ट्रॅक्टरांपर्यंत. त्या सकाळी, त्याच सप्टेंबरात, टेकड्यांवर खरी तोडणी चालू होती, आणि ती करणारी माणसं मिरवणुकीत नव्हती. त्यांना कोणी हाकललं होतं असं नाही. त्यांच्यासाठी वेशच नव्हता. जत्रा स्वतःच्या कष्टांची आठवण फार प्रेमाने ठेवते. तिची अडचण काळाची आहे, व्याकरणातल्या काळाची: तिला फक्त भूतकाळ चालवता येतो.

यातून लगेच मोठा आरोप करायचा नाही. आस्तीच्या मळ्यांत सगळीकडे अन्याय चालतो असं मी म्हणत नाही. मला तसं दिसलंही नाही. पण शेतमजुरी पुरवणारा दलाल ही इटलीची इतकी जुनी गोष्ट आहे की तिला स्वतःचा शब्द आहे, ‘कापोरालातो’. दलाल तो ‘कापोराले’. जुलै २०१५मध्ये पाओला क्लेमेंते ही एकोणपन्नास वर्षांची बाई दक्षिणेत, आंद्रियाजवळ, द्राक्षांच्या मळ्यात काम करता करता मेली. घरापासून दीडेकशे किलोमीटरवर तिला बसने नेलं जात होतं. तिच्या मरणानंतर जो गदारोळ झाला त्यातून २०१६चा १९९ क्रमांकाचा कायदा आला. त्याने दलालाबरोबर मालकालाही जबाबदार धरलं. ती इटालियनच होती, हे लक्षात घ्यावं. मग जून २०२४मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात सतनाम सिंग. एकतीस वर्षांचा पंजाबी. शेतावरच्या यंत्रात त्याचा हात तुटला. कामावर ठेवणाऱ्याने त्याला रुग्णालयात नेलं नाही, राहत्या घराजवळ आणून सोडलं. तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवलेला होता. दोन दिवसांनी तो रोमच्या रुग्णालयात गेला.

ही बातमी मी हैदराबादेत वाचली. ‘तोडणी हाताने’ हे शब्द त्यानंतर मला बाटलीवर वाचता येत नाहीत. हे काही तत्त्वज्ञान नाही, नुसती अडचण आहे.

‘कापोराले’ला मराठीत शब्द शोधावा लागत नाही. मुकादम. एका जाचक व्यवस्थेतला माणूस दुसऱ्या भाषेत जशाच्या तसा उतरावा, एक छटाही न सांडता, असं क्वचित घडतं, आणि घडलं की अनुवादकाला आनंद व्हायला हवा. मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणाऱ्या टोळ्या, मुकादम, उचल. आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणणं. दोन माणसं, मोजायला एक अवजार. इटालियन बाटलीवर निदान हात आहे. आपल्या हिशेबात तोही नाही.

मग काय करायचं, खायचं-प्यायचं नाही? सिमोन वेय या फ्रेंच विचारवंत बाईंचं नाव अशा वेळी घेतलं जातं. १९४३मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅशफर्डच्या आरोग्यधामात क्षयाने आजारी असताना, व्याप्त फ्रान्समधल्या लोकांना मिळतं त्याहून जास्त अन्न घ्यायला त्यांनी नकार दिला आणि चौतिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्यापुढे मी मान झुकवते, पण त्यांच्या मागे जात नाही. त्यांनी न खाल्लेल्या घासाने फ्रान्समध्ये कोणाचं ताट भरलं नाही. न खाणं हे कधी कधी स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्याचं काम असतं, आणि स्वच्छ हातांची हौस ही माझ्या मते नैतिकतेची फार वरची पायरी नव्हे. वेय यांची मला जास्त जवळची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. १९४१च्या शरदात त्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या एका मळ्यात मजूर म्हणून द्राक्षतोडणी केली. डोकेदुखीचा आजार, अंगात ताकद नाही, तरी बाकीच्यांइतके तास. न जेवण्यापेक्षा मला हे उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं, जरी मला स्वतःला ते द्यायला जमलेलं नाही आणि जमेलसंही वाटत नाही.

ब्रा हे गाव आस्तीहून फार लांब नाही. स्लो फूड चळवळीचे कार्लो पेत्रीनी तिथले. अन्न कसं असावं हे सांगायला त्यांनी २००५च्या पुस्तकाच्या शीर्षकात तीन शब्द वापरले: चांगलं, स्वच्छ आणि न्याय्य. पहिल्या दोन शब्दांनी जगभर उपाहारगृहं चालवली. तिसरा फारसा कोणी मेनूवर छापत नाही, कारण तो चाखता येत नाही. जिभेला उतार कळतो, पाऊस कळतो, लाकूड कळतं म्हणे. मजुरी कळत नाही. वाइन कितीही अन्यायाने तोडलेली असली तरी चांगली लागू शकते, हे मान्य करावं लागतं. वाईट कृत्याची चव वाईट असेल अशी आपली एक बालिश आशा असते. म्हणजे जे जिभेला कळत नाही ते विचारूनच कळून घ्यावं लागेल. ‘कोणाच्या हाताने’ हा प्रश्न वाइनच्या टेबलावर तितकाच रीतसर झाला पाहिजे जितका ‘कोणत्या उतारावरची’ हा आहे. त्या तरुणाला तो उद्धट वाटला नव्हता, हे मी विसरलेले नाही. त्याला उत्तर येत होतं. त्याला फक्त कोणी विचारलं नव्हतं.

मी त्या संध्याकाळी दुसरा पेला घेतला, ग्रिन्योलिनोचा. फिकट रंगाची, थोडी तुरट, तिथल्या तिथे पिऊन संपवायची वाइन. चांगली होती.

‘ला मालोरा’चा अनुवाद आता जवळपास झाला आहे. त्यातला मुलगा ज्या नात्याने दुसऱ्याच्या शेतावर राहतो त्याला इटालियनमध्ये ‘सेर्व्हितोरे’ म्हणतात. साधा अर्थ नोकर. पण वर्षाची बोली, बोलीचे पैसे बापाच्या हाती, राहणं-जेवण मालकाकडे. म्हणून मी पहिल्याच मसुद्यात ‘सालगडी’ लिहिलं आणि नंतर एकदाही बदललं नाही. इटलीत तो शब्द आता कादंबऱ्यांत आणि मिरवणुकीत सापडतो. मराठवाड्यात गुढीपाडव्याला अजून सालगड्यांचं साल ठरतं. गेल्या महिन्यात मजकूर वाचून प्रकाशनाकडच्या तरुण संपादक मुलीची टिपणं आली. हुशार आणि काटेकोर आहे ती. पोलेंता, बान्या काउदा, लांगे या शब्दांना तळटीप नको, वाचकांना माहीत असतं किंवा ते शोधतील, असं तिने लिहिलं होतं. ‘सालगडी’पुढे मात्र तिने लाल खूण केली आहे: ताई, इथे टीप लागेल.

टीप मी अजून लिहिलेली नाही. क्रियापद ‘असे’ घालायचं की ‘असतो’, तिथे थांबले आहे.